डाव्या कोपऱ्यातला टाका

शहादा, गुरुवार, २३ नोव्हेंबर १९६१

काल कार्तिकी पौर्णिमा झाली, चौमासा संपला. आज सकाळी जैन स्थानकात उतरलेल्या महासतीजींना, म्हणजे साध्वींना, वेशीपर्यंत पोहोचवून आलो आणि आल्या आल्या वखारीत जाऊन वेल्डिंगच्या सेटवरचं पोतं काढलं. चार महिने बाईनं त्याला हात लावू दिला नव्हता. (आम्ही आईला बाई म्हणतो.) चौमाशात बारीक जीव फार, ते तुझ्या ठिणगीवर झेपावतात आणि मरतात, असं तिचं म्हणणं. बरं बाई, थांबलो. आता थांबणार नाही.

ही वही मराठीत लिहितोय, कारण बापूजी दुकानात महाजनी लिपीत लिहितात. मराठी वाचायला ओळीवर बोट ठेवावं लागतं त्यांना. झमकू चौथी शिकली आहे, पण बायकोला नवऱ्याच्या वहीत काय गोडी?

तर आजची गोष्ट. बापूजी दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांसाठी पाण्याची कुंडी चालवतात. पाणी येतं रेड्यांवरच्या पखालींतून, म्हणजे चामड्यातून, आणि ते त्यांना दरवर्षी खुपतं. मी दुकानात सगळ्यांसमोर बोलून बसलो, "यंदा मी लोखंडी पत्र्याची टाकी करून देतो. बैलगाडीवर चढवू, तापीवरून भरून आणू."

बापूजी मलमलीचं ठाण बघत होते. डोळे मिटून, कापड बोटांत घेऊन सूत सांगतात ते; आयुष्यात चुकलेले नाहीत. तसेच डोळे मिटून म्हणाले, "कर. दत्तजयंतीला टाकी यात्रेत उभी राहील. दिवस मावळायच्या आत मी स्वतः सांध्यांवरून बोटं फिरवीन. कोरडी निघाली तर तुझा सेट राहील. ओल लागली तर सेट विकायचा आणि तू मालेगावला मामांच्या कापडदुकानात जायचं."

दीपचंदभाऊ गालात हसला. थोरला आहे, त्याला हसायचा हक्क आहे. मी "चालेल" म्हणालो.

सोमवार, २७ नोव्हेंबर

धुडकू लोहाराला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, लहानपणी मला भोवरे करून द्यायचा. पत्रा वाकवून त्यानं चार तासांत टाकीची पेटी उभी केली, काटकोन असा की बघत राहावं. मग मला विचारलं, "रूपाशेठ, आते रिबीट मारू ना?"

म्हटलं, रिबीट नाही. गाडीवाटेच्या खडखडाटानं रिबीट ढिले होतात. मी वेल्डिंग करणार.

"इतला पातय पत्रा? तुन्ही ती वीज त्याले खाई टाकी!"

खाऊन टाकेल हे मलाही ठाऊक आहे. सुरतेला उस्तादाकडे सहा महिने काढले ते जाड लोखंडावर; नांगराचे फाळ, गाडीचे आख. अठरा गेजचा पत्रा म्हणजे चार-पाच पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढाच. त्याला गॅस बरा असं सगळे सांगतात, पण गॅसची नळकांडी सुरतेहून कोण आणणार? उस्ताद एकच सांगायचा, पत्र्यावर रेंगाळू नकोस. बारीक रॉड घे, पत्र्याच्या अगदी जवळ धर, टाका मार आणि उचल. मग वीतभर पुढे दुसरा टाका. पहिला गार झाला की परत मधे ये. नाहीतर लोखंडाचा रस होतो, आणि रस झाला की तो खाली गळतो आणि भोक उरतं.

सेटला सहा खाचा आहेत, जितकी पुढची खाच तितकी वीज जास्त. पहिल्या खाचेत खिळी घातली तर रॉड पत्र्याला चिकटूनच बसतो. दुसऱ्या खाचेत बरोबर. दुपारभर तुकड्यांवर हात बसवला. छान टाके पडले, स्वतःचीच पाठ थोपटावी असे!

साडेपाचला कापसाच्या जिनचा भोंगा झाला. बाईनं मागच्या दारातून हाक मारली, "रूपा, भोंगा झाला, ये जेवायला." आमच्याकडे सूर्य बुडायच्या आत जेवण उरकतं. म्हटलं, पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत तीन भोकं पडली. दमलो असेन.

शनिवार, २ डिसेंबर

आज खऱ्या टाकीला हात घातला. सकाळपासून उजवी बाजू टाक्यांनी पुरी केली. झमकूनं फुटक्या हंड्याचं तांबं दिलं होतं. धुडकूनं ते ठोकून पट्टी केली, ती सांध्याच्या मागे दाबून धरली की जास्तीची उष्णता ती पिते. एकही भोक नाही. मनात म्हटलं, बसा आता मामा मालेगावात वाट बघत.

मग भोंगा झाला, बाईची हाक आली, आणि मी पुन्हा म्हटलं, पाच मिनिटं. बापूजी त्या वेळी जेवून स्थानकात गेलेले असतात, पाठीवर कुणाची नजर नसते, म्हणून मला ती वेळ फार आवडते. पहिलाच टाका मारला आणि भसकन् चवलीच्या नाण्याएवढं भोक! दुसरा मारला, तो पहिल्याला जाऊन मिळाला. तेच रॉड, तीच खाच, तोच हात. संतापून रॉडचा चिमटा भिंतीवर फेकला.

दीपचंदभाऊ जेवून तोंड पुसत आला. "वा, चाळणी छान झाली. झमकूला पीठ चाळायला दे."

बाई बघत होती. मी तिच्यावरच घसरलो. म्हटलं, "तू रोज त्याच वेळेला हाका मारतेस आणि माझा हात चळतो." ती पुंजणी, म्हणजे जीव न दुखावता झाडायची मऊ लोकरीची कुंचली, घेऊन खाली वाकली आणि जमिनीवर पडलेली पाखरं हळूहळू एका कागदावर गोळा करायला लागली. पंख जळलेली होती. मला फार लाज वाटली.

सोमवार, ४ डिसेंबर

बाईनं कालपासून आयंबील धरलं आहे. दिवसातून एकदाच, तूप नाही, दूध नाही, मीठ-मसाला नाही, नुसतं उकडलेलं धान्य. माझ्यावर राग काढायची ही तिची तऱ्हा. बोलून भांडली असती तर परवडलं असतं.

आजही तेच. दिवसभर टाके सोन्यासारखे, आणि जेवायची हाक आल्यावर भोकं. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. तरीही वहीत लिहून ठेवतो: आईचं न ऐकता हात चालवला की पत्रा फाटतो. उद्यापासून हाकेबरोबर उठायचं.

गुरुवार, ७ डिसेंबर

आज सगळं संपल्यासारखं वाटतंय.

दोन दिवस हाकेसरशी उठलो, एकही भोक नाही. म्हटलं, चला, उतारा सापडला. आज सकाळी नऊला मागचा डावा कोपरा धरला. तिथे तीन पत्रे मिळतात, सगळ्यात नाजूक जागा. पहिल्याच टाक्याला भोक. ते बुजवायला गेलो तर मोठं झालं. दहाला भोक, अकराला भोक, बाराला भोक. कुणी हाक मारली नव्हती, ऊन चांगलं तापलेलं होतं, पोट भरलेलं होतं. मग हे काय?

धुडकू बिडी विझवून म्हणाला, "आज आमुश्या शे, रूपाशेठ. जिनसुद्धा बंद शे, सारा मजूर घर बसेल शेत. आज लोखंडले हात लावानाच नही." आणि सरळ घरी गेला.

अमावस्या! म्हणजे आता तिथ्या बघून वेल्डिंग करायचं का? मी एकटाच दुपारपर्यंत त्या कोपऱ्याशी झगडलो. शेवटी भोकात बोट जायला लागलं. दत्तजयंतीला चौदा दिवस उरले आहेत. मामांच्या दुकानातली ती गादी, तो गज, "या ताई, बसा ताई" म्हणत हसणं. मी ते करू शकत नाही. करणार नाही असं नाही म्हणत. जमणारच नाही मला, जीव जाईल माझा.

शुक्रवार, ८ डिसेंबर

कोपऱ्याला पत्र्याचं ठिगळ लावलं. आज सुरळीत लागलं. का लागलं ते विचारू नका.

सोमवार, ११ डिसेंबर

हट्टाला पेटलो. हात चळत नाही, तिथी नाही, हाक नाही, मग भोक पडतं कसं, हे डोळ्यांनी बघायचंच. भोंग्यानंतर उजेड कमी होतो आणि काळ्या काचेतून काही दिसत नाही. म्हणून काच बाजूला ठेवली आणि उघड्या डोळ्यांनी टाके मारले. सात-आठ असतील. बघितलं काहीच नाही, भोकं मात्र पडली. आता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायला लागलंय, ओळी दि

बुधवार, १३ डिसेंबर

हे मी झमकू लिहिते. यांच्या डोळ्यांवर पट्टी आहे. परवा रात्री डोळ्यांची आग होऊन भरल्या गावात लाज सोडून ओरडत होते. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस उजेड बघायचा नाही, मग बरे होतील. मला म्हणाले, "वही घे आणि मी सांगतो ते लिही."

ते सांगतात: आठ दिवस उरले. मागची बाजू आणि तळाचा अर्धा सांधा राहिला आहे. धुडकूला म्हणावं रिबीट मार. हरलो.

(आता यांना झोप लागली. पुढचं माझ्या मनचं लिहिते. बाई म्हणतात, त्या भोंग्याचं रूपाला सांग. मी म्हटलं, कसल्या भोंग्याचं? तर म्हणाल्या, जिनमध्ये यंदा विजेच्या मोटरी बसल्या ना, तेव्हापासून आपला स्वयंपाकघरातला दिवा दिवसभर हळदीसारखा पिवळा असतो, त्याच्याखाली डाळीतले खडे दिसत नाहीत. आणि भोंगा होऊन जिन थांबलं की दिवा एकदम पांढरा होतो. म्हणून मी डाळ तेव्हाच निवडते, म्हणाल्या. अमावस्येला तर सकाळपासून पांढरा होता. दिव्याला जास्तीची वीज मिळत असेल तर रूपाच्या यंत्राला मिळत नसेल का? मी म्हटलं, बाई, तुम्हीच सांगा. तर म्हणाल्या, मी सांगितलं तर तो चिडतो. तू सांग. मलाही भीती वाटते, म्हणून इथे लिहून ठेवते. आणि अजून एक. बाईंचं आयंबील रागाचं नाही. यांचा हात सुधारावा म्हणून धरलं आहे. मला शपथ घातली होती न सांगण्याची, पण न लिहिण्याची नव्हती घातली.)

शुक्रवार, १५ डिसेंबर

पट्टी सुटली. वही उघडली ती झमकूनं काय चुका केल्यात ते बघायला.

वाचून झाल्यावर तसाच उठलो, स्वयंपाकघरात गेलो. दिवा पिवळा होता. जाऊन बाईच्या पायाशी बसलो. ती म्हणाली, "काय रे, डोळे दुखतात का?" मी म्हटलं, नाही दुखत. मग का रडतोस, म्हणाली. गाढव आहे मी. सहा महिने सुरतेला घालवले आणि घरातला दिवा बघितला नाही.

साडेपाचपर्यंत चातकासारखा बसून राहिलो. भोंगा झाला. जिनची घरघर थांबली, आणि दिवा डोळ्यांसमोर पांढरा झाला!

धावत वखारीत. खिळी पहिल्या खाचेत. दिवसा ज्या खाचेत रॉड चिकटतो, तिथेच आता टाका लोण्यासारखा बसला. एकच मारला आणि थांबलो, कारण बाई दारात उभी होती आणि सूर्य बुडत होता. तिनं बघितलं की मी थांबलो.

रविवार, १७ डिसेंबर

नवी पद्धत. वखारीत सेटशेजारी एक दिवा टांगला. पण तोंडावर काळी काच असताना दिवा मला दिसणार कसा? बाई म्हणाली, मी बसते. आता ती माझ्याकडे पाठ करून, दिव्याकडे तोंड करून पाटावर बसते, हातात माळ. जिनमध्ये दोनातली एक मोटर जरी थांबली तरी दिवा उजळतो, आणि ती माळ न थांबवता म्हणते, "पांढरा." मी रॉड उचलतो, खाच बदलतो. "पिवळा." पुन्हा बदलतो. दोन दिवसांत एक भोक नाही.

धुडकू कपाळावर हात मारून म्हणाला, "मन्हा सारा जनम भट्टीपुढे गया, पन असा कारखाना मी दखा नही. माय दिवा दखस आनि पोऱ्या लोखंड जोडस!"

तिला म्हटलं, आता तरी आयंबील सोड. म्हणाली, टाकी यात्रेत उभी राहू दे.

मंगळवार, १९ डिसेंबर

गोवा मिळालं! दुपारी तीनला रेडिओवर ऐकून गावात एकच गलका झाला. जिनवाल्यांनी आनंदानं भोंगा दिला तो थांबेचना, आणि मजूर मोटरी बंद करून रस्त्यावर आले. नेमका मी तेव्हा तळाच्या शेवटच्या सांध्यावर, त्याच डाव्या कोपऱ्यात, ठिगळाच्या कडेला होतो. भोंग्याच्या आवाजात बाईचं "पांढरा" मला ऐकूच आलं नाही. तिनं उठून माझ्या पाठीत बुक्की मारली! रॉड उचलला, पण पाऊण क्षण उशीर. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. खाच बदलून लगेच बुजवलं.

टाकी पुरी झाली. पाण्यानं काठोकाठ भरून ठेवली आहे. गोव्याच्या मिरवणुकीत सगळे पेढे वाटत होते. मी टाकीखाली आडवा पडून तळ बघत होतो.

बुधवार, २० डिसेंबर

सकाळी बघितलं, कोरडी. लाकडी चौकटीत बसवून टाकी चुनीलाल पाटलांच्या गाडीवर चढवली. ते गुजर पाटील, बापूजींचे जुने गिऱ्हाईक, बैल त्यांचेच. सारंगखेडा इथून सात कोस नाही, पण वाट म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला माझे दात आवळले जात होते.

गुरुवार, २१ डिसेंबर. दत्तजयंती, सारंगखेडा

तंबूत बसून लिहितोय. सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर शेवटच आधी लिहून टाकीन.

पहाटे तापीवर टाकी भरली, पाणी गाळून. दत्ताच्या देवळामागे आमच्या कुंडीशेजारी गाडी उभी केली. घोडेच घोडे, काठेवाडी, मारवाडी, पांढरे, अबलख. पखालवाले येऊन बघून गेले. दिवसभर तोटीखाली घोडी पाणी पीत होती आणि मी गाडीभोवती घिरट्या घालत होतो. स्वतः हात लावायचा नाही, असं बापूजींनी बजावलं होतं. तिसऱ्या प्रहरी टाकी पुन्हा भरली, तेव्हाही भरलेल्या गाडीला दोन मोठे हादरे बसले.

सूर्य बुडायला अर्धा तास असताना बापूजी आले. मागे दीपचंदभाऊ, चुनीलाल पाटील, आणखी पाच-सहा व्यापारी. बापूजींनी अंगरख्याच्या बाह्या सारल्या, डोळे मिटले आणि उजव्या बाजूच्या सांध्यावर बोटं ठेवली. मलमल तपासतात तशीच. उजवी बाजू. पुढची. मग वाकून तळाचा सांधा.

मागच्या डाव्या कोपऱ्याशी त्यांची बोटं थांबली. फार वेळ थांबली. मला वाटलं, दम लागला असेल, वाकून होते ना. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं पुढे ओढलं, कोपऱ्याला हात टेकून उठले, डोळे उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोरडी आहे."

चुनीलाल पाटलांनी मला मिठी मारली. दीपचंदभाऊनंही पाठीवर थाप दिली, खरंच दिली! बापूजी मात्र थांबले नाहीत. पाठमोरे चालत गेले. त्यांच्या उपरण्याचं टोक भिजलं होतं. घोड्यानं तोंड झटकलं असेल.

सेट राहिला. मालेगाव गेलं. ओरडावंसं वाटतंय!

शहादा, शुक्रवार, २२ डिसेंबर

गाडी सकाळी परत आली. बाईनं आयंबील सोडलं. झमकूनं लापशी केली होती, बाईला पहिला घास मी भरवला. सगळं घर हसत होतं.

बापूजींनी मात्र उपवास धरला आहे. आज कसली तिथी नाही, पर्व नाही. बाईनं विचारलं तर म्हणाले, "माझं मला फेडायचं आहे." सकाळपासून दुकानात गेले नाहीत, स्थानकातच बसून आहेत.

दुपारी टाकी धुवायला घेतली. मागच्या डाव्या कोपऱ्यात, ठिगळाच्या कडेला, बाहेरून केसाएवढी तांबूस रेघ दिसली. गंजाची. काल ओल आल्याशिवाय तिथे गंज धरणार नाही. पाणी घालून बघितलं, आणि हळूच एक थेंब फुगला. म्हणजे वाटेतल्या हादऱ्यांनी ती जागा उकलली होती. यात्रेत हे कुणाला दिसलं असतं तर? वय झालं बापूजींचं, बोटांना कळलं नाही, माझं नशीब. पाणी काढून टाकलं, दिवा पिवळा आहे ना बघितलं, आणि पाठीमागे तांब्याची पट्टी धरून तिथे दोन टाके मारले. घरात कुणालाच बोललो नाही.

सूर्य बुडायच्या आधी बापूजींना उकळलेलं पाणी घेऊन स्थानकात गेलो. उपवासात तेवढंच चालतं. ते घोट घोट प्यायले. तांब्या परत देताना, माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाले, "त्या डाव्या कोपऱ्याला आज टाका मारलास ना?"

मी हो म्हणालो.

"बरं केलंस," म्हणाले, आणि डोळे मिटून माळ ओढायला लागले.

जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस आहे तो. झमकूला सांगून ठेवलं आहे, उद्या माझं ताट वाढू नकोस, माझाही उपवास आहे.